अक्काचे गुडघे

अक्का,

तू गेल्यापासून या घरात तुझ्या गुडघ्यांशिवाय दुसरा विषय नाही. भेटायला आलेलं माणूस चपला काढतं, अण्णांसमोर बसतं आणि म्हणतं, "बिचारीला गुडघ्यांनी कधी सुख लागू दिलं नाही." अण्णा मान हलवतात. अत्ते पदराने डोळे टिपतात. आणि मी उठून आत जाते. पाणी आणायला, कॉफी टाकायला, काहीच काम नसलं तर शेगडी पुसायला. ती शेगडी आता इतकी लखलखते आहे की तू पाहिली असतीस तर म्हणाली असतीस, "काय ग पुणेकरणी, अंगात आलं काय?" सुधीर परवा मला म्हणाला, "शैला, तू जरा वेळ एका जागी बसत का नाहीस?" नवऱ्याला काय सांगणार? तू शपथ घालून ठेवली आहेस.

तू गेलीस ती हृदय बंद पडून. सकाळी तुळशीला पाणी घालता घालता कट्ट्यावर टेकलीस आणि मग उठली नाहीस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी काही लक्षण दिसायचं कारण नव्हतं, कुणी काही करू शकलं नसतं. गुडघ्यांचा त्यात काडीचा संबंध नाही. पण दुःखाला टांगायला खुंटी लागते, आणि अण्णांना, तुझ्या नवऱ्याला, ती तुझ्या गुडघ्यांतच सापडली. खिडकीतल्या तेलाच्या बाटल्या त्यांनी अजून हलवू दिलेल्या नाहीत. तिळाचं, निलगिरीचं, केरळहून कुणीतरी आणून दिलेलं ते काळं, उग्र वासाचं. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की रोज तुझे पाय मांडीवर घेऊन ते तेल चोळायचे, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आता त्याच वेळेला ते त्या बाटल्यांकडे बघत बसतात. "मोठ्या डॉक्टरला दाखवू म्हणत राहिलो," म्हणतात. "आज-उद्या, आज-उद्या. तिला एक डोंगर चढता आला नाही माझ्यामुळं."

चढता आला होता, अक्का. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि तेच मला सांगता येत नाही.

मला तुझा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण आपल्या दोघींमध्ये तसे शिष्टाचार कधी होते? लग्न होऊन मी या मल्लेश्वरमच्या घरात आले तेव्हा तुला 'अहो अक्का' म्हणाले, तर तू ओट्याला टेकून हसत सुटलीस. "अक्का म्हणते नि वर तुम्ही! अक्काला तू म्हणतात ग." मग माझं मराठी ऐकून अत्तेंना हाक मारलीस, "अत्ते, या या, सून काय बोलते बघा, रेडिओवर बातम्या सांगते तशी." मला राग आला होता. तुमचं घराणं शहाजीराजांच्या मागून इथे आलेलं, पिढ्यान् पिढ्या कानडीत मुरलेलं. सासूला अत्ते, थोरल्या दिराला अण्णा, आणि प्रत्येक वाक्यात 'थोडं'ऐवजी एक स्वल्प नाहीतर 'बरं'ऐवजी एक सरी. मी पुण्याची, शुद्धलेखनात बक्षिसं मिळवलेली, शिवाय मेकॅनिकलचा डिप्लोमा. मला वाटलं होतं, मी या घराला शिकवीन. पहिल्याच महिन्यात तू मला रस्समची फोडणी, रिक्षावाल्याशी भांडायची कानडी आणि अत्तेंसमोर गप्प बसायची कला अशा तीन गोष्टी शिकवायला घेतल्यास. तिसरी मला अजून आलेली नाही.

आपल्या सहली आठवतात. आपल्या म्हणजे शेडच्या. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतली आपली ती पत्र्याची शेड, चार लेथ, यंत्रांच्या दांड्यांवर बसणारे बुश आणि पिना कापण्याचा दिवसभराचा किरकिराट. खंडेनवमीला आयुधपूजा व्हायची. लेथना हळद-कुंकू, टेम्पोला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं आणि फाटकापाशी फोडलेला कोहळा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेड बंद, म्हणजे टेम्पो मोकळा. मग त्याच टेम्पोत मागे जमखाना अंथरून सगळं घर सहलीला. माळा तशाच लटकत, कपड्यांना कटिंग ऑईलचा वास, वाऱ्याने झेंडूच्या पाकळ्या तोंडावर. पुण्याला मी हे लिहून कळवलं तेव्हा आईने विचारलं, "मालाच्या टेम्पोतून? बसायला काही नाही?" मी आईला लिहिलं, सगळ्यात चांगली जागा थोरल्या जाऊबाईंना मिळते, केबिनच्या पाठीला टेकून, कारण त्यांचे गुडघे दुखतात.

एकदा देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर गेलो, तिथल्या बाजारातून हा एवढा चकोता, म्हणजे पपनस, घेतला. आम्ही तटावर चढलो आणि तू खाली अत्तेंजवळ बसून तो सोलत राहिलीस. दोनदा देवरायनदुर्ग. पण बहुतेक वर्षी शिवगंगेचा डोंगर, कारण तुमकूर रस्ता अण्णांच्या पायाखालचा. पायथ्याशी टेम्पो लागायचा, डबे उतरायचे, झाड ठरलेलं. अत्ते धाप लागते म्हणून बसायच्या. तू गुडघा चोळत त्यांच्या शेजारी बसायचीस. बाकी आम्ही सगळे वर. दुपारी घामाघूम होऊन खाली आलो की तू पानं मांडून तयार. चित्रान्न, दहीभात, कोसंबरी. मी दर वर्षी तिथेच तुझ्याशी भांडायला सुरुवात करायचे.

"अक्का, एवढ्या लांब यायचं ते झाडाखाली बसायला?"

"मग सामान कोण बघणार? तुझा पुण्याचा मामा?"

"सामान ड्रायव्हर बघेल. तू हळूहळू ये. माझा हात धरून ये."

"सुम्ने जेव ग. वर गेलीस ना? झालं तर."

हे 'सुम्ने' म्हणजे 'उगीच', 'गप', 'राहू दे', सगळं एकदम. तू ते म्हणालीस की वाद संपला असं तुला वाटायचं. माझा संपायचा नाही. मी परतीच्या वाटेवर टेम्पोत बसून धुसफुसत राहायचे. माझ्या डोक्यात एकच हिशेब होता की या घराने तुला पायथ्याशी बसवलं आहे आणि तू बसली आहेस. मला तुझी कीव यायची. कीव आली की मला राग येतो, आणि राग आला की मी शिकवायला लागते. तू हे सगळं ओळखून होतीस.

मग हासन. तिथल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याने आपले बुश घट्ट बसतात म्हणून तक्रार केली. सुधीर तापाने पडलेला, अण्णांना शेड सोडता येईना, आणि मोजमाप बघणारी मीच. मी म्हटलं, मी जाते, सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत. अत्तेंनी हातातलं खाली ठेवलं. "एकटी? बाईमाणूस? कारखान्यात?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "मी जाते की तिच्याबरोबर. बसायचंच तर आहे." मला तर हसावं की रडावं कळेना. डिप्लोमा झालेली, मापाच्या गेजची पेटी घेऊन कामाला निघालेली बाई, आणि सोबतीला राखण म्हणून थोरली जाऊ! तेही दुखऱ्या गुडघ्यांची, हातात डब्यांची पिशवी.

मॅजेस्टिकला बसमध्ये चढताना मी तुला हात दिला. तू तो कसा घट्ट धरलास! मी बेसावध राहिले.

कारखान्यात तुला फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसवलं आणि मी आत गेले. काम सोपं निघालं. त्यांनी शाफ्टच्या प्लेटिंगची जाडी वाढवली होती आणि आपल्याला कळवायचं राहिलं होतं. नवी मापं घेतली, पुढच्या मालाची कबुली झाली, आणि जेवणाच्या आधीच मी मोकळी. बाहेर येऊन बघते तर वॉचमन तुझं चित्रान्न खात बसलेला आणि तू त्याच्याकडून बसगाड्या समजून घेतेयस.

"शैले, चन्नरायपट्टणाला उतरलं की तिथून गोमटेश्वराला बस आहे. आपली वाटच आहे ती. स्वल्प आत जायचं."

"अक्का, तो डोंगर आहे. पायऱ्या आहेत. खडकातल्या, अनवाणी चढायच्या."

"ठाऊक आहे की."

"आणि गुडघे?"

तू पिशवीचं तोंड बांधलंस आणि म्हणालीस, "ते घरी ठेवून आले."

मला वाटलं, चेष्टा करतेस. एसटीडी बूथ दिसला तेव्हा मी म्हटलं, घरी फोन करून सांगते उशीर होईल म्हणून. तर तू माझा दंड धरलास. "नको. बस चुकली म्हणू. बसेस काय, चुकतात." बस चुकायच्या आधीच ती चुकली म्हणून ठरवणारी तू, आणि मी तुला घाबरट समजत होते.

श्रवणबेळगोळला खाली चपला ठेवल्या. दुपारचा खडक तव्यासारखा तापलेला. मी तुला आधार द्यायला हात पुढे केला, तर तू तिथे नव्हतीसच. पदर खोचून तू सातआठ पायऱ्या पुढे गेली होतीस. मी मागून ओरडले, "अक्का, हळू!" तू मागे वळून पाहिलंस नि हसलीस, आणि ते हसू मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी थांबत, धापा टाकत, कमरेवर हात ठेवत वर आले. तू कधीच पोचली होतीस. शहाणपणाने एका भिंतीच्या सावलीत पाय ठेवून उभी होतीस. मूर्तीला नमस्कार केलास, पायांशी वर चढत गेलेल्या दगडी वेली बोटाने दाखवल्यास, आणि मग कठड्याशी येऊन खाली बघत राहिलीस. मधोमध तळं, समोर दुसरी टेकडी, पार लांबपर्यंत नारळ आणि शेतं. मी म्हटलं, "बस जरा." तू म्हणालीस, "बसायला इथं आले नाही." वाऱ्याने तुझे केस सुटले होते, तू ते बांधले नाहीस. मला तेव्हा तू फार आवडलीस, अक्का. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा मी फक्त विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तू खोटं बोललीस?"

उतरताना सगळं सांगितलंस. तुझ्या लग्नानंतरची पहिली शिवगंगा. अत्तेंना डोंगराकडे बघूनच धाप लागली, त्या म्हणाल्या, तुम्ही जा, मी बसते. सगळे तुझ्याकडे बघायला लागले, कारण सासूबरोबर थांबायचं तर ते सुनेनेच. 'थांबते' म्हटलं असतं तर अत्तेंना लागलं असतं, आपल्यापायी नव्या मुलीची हौस गेली म्हणून. म्हणून तू गुडघा धरलास. एका दिवसापुरता. पण रात्री अण्णांनी तेल आणलं, दुसऱ्या दिवशी कुणा मावशीने लेप पाठवला, पुढच्या वर्षी टेम्पोत तुझ्यासाठी वेगळी उशी आली, आणि मग परतीची वाट राहिली नाही.

"सांगून टाक आता," मी म्हटलं.

"आता कसं सांगू? एवढ्या वर्षांचं तेल जिरलंय त्यात."

"मग मी बसेन पुढच्या वर्षी. तू वर जा."

"तू? तू शेजारी बसलीस तर अत्तेच उठून पळतील."

"चेष्टा नको. तुझं आयुष्य चाललंय झाडाखाली बसून."

तेव्हा तू थांबलीस. "तुला वाटतं, वर गेलं म्हणजेच बघणं," म्हणालीस. मी म्हटलं, "मग आज कशाला आलीस?" तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस आणि खाली बसचा हॉर्न वाजला. आपण दोघी चपला हातात घेऊन पळालो. बसमध्ये तू माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातलीस, घरी बोलायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलीस आणि पहिल्या पावलापासून लंगडायला लागलीस. मला हसू आवरेना. तू तोंडसुद्धा हलवलं नाहीस.

त्यानंतर दर वर्षी तू केबिनला टेकून बसायचीस, अण्णा तुझी उशी नीट करायचे आणि मी दुसरीकडे बघायचे. पण वाद मी सोडला नाही. भाजी निवडताना, गॅसच्या रांगेत, कुठेही मध्येच विचारायचे, "मग का आली होतीस?" तू म्हणायचीस, "सुम्ने."

आणि आता तू नाहीस, आणि अण्णा शेडवर जात नाहीत. सुधीर आणि मी जमेल तसं चालवतो. दसरा आठवड्यावर आला आहे. गेल्या सोमवारी अण्णा जेवता जेवता म्हणाले, "टेम्पो विकून टाकू. दुखत्या पायांनी बाईला पत्र्यावर बसवून फिरवलं मी. तो दारात बघवत नाही." दुसऱ्या दिवशी एक माणूस टेम्पो बघायला आलाही. बॉनेट उघडून वाकून बघत होता आणि अण्णा पाठ फिरवून उभे होते. तुला ते बघवलं नसतं, अक्का. एका शब्दाने हे थांबलं असतं. पण तो शब्द बोलायचा तर अत्तेंना कळणार, की आपल्यासाठी म्हणून सुनेने सगळा जन्म पायथ्याशी काढला. लेकाचं ओझं उतरवायचं आणि म्हातारीच्या डोक्यावर ठेवायचं, हा कसला न्याय? शेडमधून घरी, घरातून गच्चीवर, गच्चीवरून पुन्हा खाली, मी नुसती फिरत राहिले.

शेवटी काल दुपारी गेले अत्तेंपुढे. म्हटलं, अण्णांना सांगायचं तर आधी त्यांना विचारूनच. त्या मागच्या पडवीत सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत होत्या.

"अत्ते, एक बोलायचंय. अक्काचे गुडघे..."

"दुखत नव्हते," अत्ते म्हणाल्या. एक खडा बाजूला टाकला आणि पुढे निवडायला लागल्या.

मी खालीच बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज सकाळी दारात उकिडवी बसून केवढी रांगोळी घालायची ती. उठताना कधी भिंतीला हात लावला नाही. मी काय आंधळी आहे?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तिने तुमच्यासाठी केलं ते. तुम्हाला धाप लागायची म्हणून."

आता अत्तेंनी सूप खाली ठेवलं. "मला? मला कसली धाप? माहेरी मी विहिरीचं पाणी ओढून टेकडीवर नेत होते. ती नवी मुलगी गुडघा धरून बसली. परक्या ठिकाणी एकटी कशी सोडू? म्हणून मी म्हटलं, मला धाप लागते, मी बसते."

"ती म्हणाली, आधी तुम्ही बसलात."

"आधी ती बसली."

"अत्ते, ती म्हणाली..."

"म्हणू दे. आधी ती बसली."

आता हा खटला कोण निकालात काढणार? साक्षीदार सगळे वर गेलेले होते. मला हसू यायला लागलं. मी म्हटलं, "पण नंतर कळलं ना तुम्हाला? मग उठायचं होतं दोघींनी. इतकी वर्षं!"

"कशाला?" अत्तेंना खरंच प्रश्न कळला नाही. "वर देव असतो. देव घरात पण आहे. खाली आम्ही दोघीच असायचो. घरात कधी असतो? घरात शेगडी असते, तुम्ही सगळी असता. तुम्ही वर गेलात की आम्ही आधी जेवून घ्यायचो. मग पदर तोंडावर घेऊन लोळायचो जमखान्यावर, रस्त्यात. येणारे-जाणारे बघेनात का. चकल्यांचा एक डबा दर वर्षी माकडं न्यायची ना?"

"हो."

"माकडं कसली ग डबा नेतात झाकणासकट!"

मी किती वर्षं त्या माकडांवर दगड भिरकावले, अक्का! आणि तू माझ्या शेजारी उभी राहून "हाड हाड" करायचीस.

मग मला वाटलं, निदान एक गोष्ट तरी फक्त आपल्या दोघींची आहे. म्हटलं, "अत्ते, आम्ही हासनला गेलो होतो, तेव्हा..."

"गोमटेश्वर ना? दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला. तू फार धापा टाकत होतीस म्हणाली."

हे मला फार लागलं. मला शपथ, आणि स्वतः दुसऱ्याच दिवशी! मी ते पोटात ठेवून ठेवून झिजले, नवऱ्याला कळू दिलं नाही, शेगड्या पुसल्या. मी अत्तेंना विचारलं, मग मला का शपथ घातली तिने? त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तिला मजा येत असेल." असेलही. किंवा आणखी काही असेल. ते विचारायला आता कुणाकडे जाऊ?

अत्तेंनीच अण्णांना हाक मारली. "इकडं ये. बैस." आणि सगळं सांगून टाकलं, तांदूळ निवडता निवडता. अण्णा ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"वर गेली ती? पार वर?"

"माझ्या आधी."

"दमली नाही?"

"नाही. बसलीसुद्धा नाही."

मग म्हणाले, "आणि मी रोज तेल कुणाला चोळत होतो?"

"तिलाच की," अत्ते म्हणाल्या. "पाय दुखत नाहीत म्हणून सांगून ते घालवायला कुठली बायको तयार होईल?"

अण्णा हसले, अक्का. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडावर हात ठेवून हसले आणि हसता हसता रडायला लागले. मीही. अत्ते मात्र रडल्या नाहीत. त्यांचं रडणं आधीच खरं होतं, त्यात गुडघे नव्हतेच. त्यांची मैत्रीण गेली होती. घरात येणाऱ्या एवढ्या माणसांपैकी ते एकालाही कळलं नाही, मला धरून. मी तर दर वर्षी त्या झाडाखालून उठून वर जात होते आणि तुझी कीव करत होते.

आज अण्णा शेडवर गेले. टेम्पो बघून गेलेल्या माणसाला नाही म्हणून कळवलं. यंदा घरात सण नाही, आयुधपूजा कामगारच आपापली करतील, माळ एकच, साधी. पण अत्ते सकाळी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "टेम्पो शिवगंगेला जाईल. सहल म्हणजे काय सण नाही." मग मला एकटीला आत बोलावून म्हणाल्या, "शैले, शिवगंगेला तू यंदा वर जाऊ नको. माझ्याजवळ बैस."

मी म्हटलं, "सरी, अत्ते."

तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. मला भांडता येतं, अक्का. समजावता येतं, मोजता येतं, धापा टाकत का होईना पण चढता येतं. कुणाजवळ नुसतं बसता येत नाही. ते तेवढं शिकवून जायचं होतंस.